शोक, सभा आणि साधारण्य : करुणरसाच्या चर्चेतील एक उपेक्षित प्रश्न

१

मराठी साहित्यविचारात करुणरसाच्या आस्वादाचा प्रश्न जितका चर्चिला गेला आहे, तितका दुसरा प्रश्न क्वचितच चर्चिला गेला असेल. शोक हा भाव मुळात दुःखद. मग त्यावर उभारलेला रस आनंद कसा देतो, हा तो प्रश्न होय. न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडून त्याचे एक उत्तर दिले. रा. श्री. जोगांचा ‘अभिनव काव्यप्रकाश’, द. के. केळकरांचे ‘काव्यालोचन’ आणि के. ना. वाटव्यांचा ‘रसविमर्श’ या ग्रंथांतून ही चर्चा पुढे चालत राहिली. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) या ग्रंथाने अभिनवगुप्ताची भूमिका मराठी अभ्यासकांपुढे सविस्तर ठेवली. ही सारी चर्चा मोलाची आहे, यात शंका नाही.

तथापि या चर्चेत एक गोष्ट आरंभापासूनच गृहीत धरलेली दिसते. तीत येणारा वाचक किंवा प्रेक्षक हा स्वस्थ मनाचा मनुष्य असतो. त्याच्या घरी सर्व काही ठीक आहे. तो रंगमंदिरात येतो, दुसऱ्याचे दुःख काही काळ आपलेसे करतो आणि ते तेथेच ठेवून घरी परततो. त्याला आनंद का होतो, एवढेच आपण विचारीत आलो. पण जो मनुष्य स्वतःचाच शोक घेऊन सभेत येऊन बसतो, त्याचे काय? ज्याने गेल्या वर्षी पत्नी गमावली, मुलगा गमावला किंवा गुरू गमावला, तो जेव्हा मांडवाच्या कडेला येऊन बसतो, तेव्हा त्याला गाण्यातून काय मिळते? आणि जे मिळते, ते गाण्यातून मिळते की भोवतीच्या माणसांतून?

हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा आहे, साहित्यशास्त्राचा नव्हे, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. आपल्या परंपरेत मृताच्या स्मरणार्थ गाणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. पुण्यतिथी, उरूस, समाधिसोहळा अशा नावांनी ती महाराष्ट्रात ठिकठिकाणी रूढ आहे. जी कला शोकाच्या निमित्ताने वर्षानुवर्षे सादर होते, तिच्या आस्वादाच्या मीमांसेत शोकाकुल श्रोत्याला स्थान नसावे, ही त्या मीमांसेतील उणीव समजली पाहिजे.

२

प्रथम शोकाकुल प्रेक्षकाची साहित्यातील दोन उदाहरणे पाहू. त्यांतील एक इतिहासाने नोंदविलेले आहे व दुसरे कवीने कल्पिलेले.

हिरोडोटसने सांगितलेली हकीकत अशी. आयोनियातील मायलीटस हे नगर इ. स. पूर्व ४९४ च्या सुमारास इराणी सैन्याने उद्ध्वस्त केले. अथेन्सच्या लोकांचा या नगराशी रक्ताचा संबंध होता. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने याच घटनेवर नाटक रचून अथेन्समध्ये सादर केले. सारे प्रेक्षागृह रडू लागले. आणि नगराने नाटककाराला शाबासकी न देता एक हजार द्राख्मांचा दंड ठोठावला व ते नाटक पुन्हा कोणी करू नये असे फर्मावले. कारण असे दिले गेले की, त्याने लोकांना त्यांच्या घरच्याच दुःखाची आठवण करून दिली. शोकात्मिकेला जन्म देणाऱ्या नगरानेच हा निवाडा दिला, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्या भावविरेचनाच्या सिद्धान्ताचा विचार करताना सहसा लक्षात घेतली जात नाही. घरचे दुःख रंगभूमीवर आले, अश्रूही वाहिले, पण त्या अश्रूंनी कोणाचे मन हलके झाले नाही.

दुसरे उदाहरण भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकातील आहे. वाल्मीकीने रचलेले नाटक गंगेच्या काठी अप्सरांकडून सादर होत आहे व राम प्रेक्षक म्हणून बसला आहे. नाटकाचा विषय त्याने टाकलेल्या सीतेची कथाच आहे. रामाला प्रेक्षक म्हणून राहणे साधत नाही. तो मध्येच हाक मारतो, उठू पाहतो. हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाला करून द्यावी लागते. आणि शेवटी राम मूर्च्छित पडतो. करुणरसाचा श्रेष्ठ कवी मानलेल्या भवभूतीनेच करुणाचा आस्वाद घेऊ न शकणारा प्रेक्षक रंगविला आहे, हे विशेष होय.

या दोन्ही उदाहरणांचा निष्कर्ष एकच निघतो. शोकाकुल मनुष्यापुढे त्याच्याच शोकाचे चित्र उभे केल्याने त्याचे सांत्वन होत नाही. ‘दुःखी माणसाने दुःखाची गाणी ऐकावी, म्हणजे मन मोकळे होते’ ही लोकप्रिय समजूत निदान या स्वरूपात टिकत नाही.

परंतु भवभूती येथे थांबत नाही. मूर्च्छित रामाला सीतेचा स्पर्श सावध करतो खरा. पण पुनर्मीलन पुरे होते ते त्यानंतर. अरुंधती जमलेल्या पौरजनांना उद्देशून बोलते आणि ते सीतेला वंदन करतात. ज्या लोकांच्या अपवादामुळे सीतेचा त्याग घडला, तेच लोक आता सभा म्हणून उपस्थित आहेत आणि त्यांच्या वंदनाशिवाय ही जखम भरून येत नाही. नाटकातील नाटकाने रामाला केवळ मूर्च्छा दिली. पुढे जे बरे घडले, ते एकट्या रामाच्या मनात घडले नसून सभेच्या देखत व सभेच्या साहाय्याने घडले आहे. या भेदाला शास्त्राचा आधार मिळतो काय, ते आता पाहावयाचे आहे.

३

‘अभिनवभारती’च्या सहाव्या अध्यायात रससूत्राचे विवरण करताना अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील तिसरे ‘निजसुखादिविवशीभाव’ हे होय. आपल्या खाजगी सुखाने किंवा दुःखाने जो विवश झाला आहे, त्याचे चित्त दुसऱ्या वस्तूवर विसावणार कसे, असा त्याचा प्रश्न आहे. म्हणजे आपण ज्या शोकाकुल श्रोत्याचा शोध घेत होतो, तो शास्त्रात अगदीच अनुपस्थित नाही. तो तेथे आहे, परंतु विघ्न या सदरात आहे.

विघ्न सांगितल्यावर अभिनवगुप्त त्याच्या निवारणाचा उपायही सांगतो, आणि हा उपाय आपल्या चर्चेत दुर्लक्षित राहिला आहे. तो उपाय म्हणजे वाद्ये, गायन, सुशोभित मंडप, कलानिपुण गणिका इत्यादी. या गोष्टी साधारण्याच्या सामर्थ्याने सर्वांना भोग्य होतात. त्यांच्यामुळे जो अहृदय आहे तोही हृदयाची निर्मळता पावून सहृदय होतो, असे त्याचे म्हणणे आहे. येथे तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की, निजदुःखाने विवश झालेल्या माणसावर अभिनवगुप्ताने करुण कथानकाचा उपाय सुचविलेला नाही. गाण्याचा व मंडपाचा सुचविला आहे. दुसरी अशी की, या गाण्याचे बळ ते शोकसूचक असण्यात नसून ते सर्वांचे असण्यात आहे. जे एकाचेच नाही, ज्यावर कोणाच्या खाजगी सुखदुःखाची मुद्रा नाही, तेच खाजगी दुःखाची पकड सैल करू शकते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : सहृदयता ही श्रोता घरून घेऊन येतो अशी पूर्वसिद्ध वस्तू नव्हे. ती सभेत, गाण्याच्या सान्निध्यात, निर्माण होऊ शकते.

‘तंत्रालोका’च्या अठ्ठाविसाव्या आह्निकात हाच विचार वेगळ्या संदर्भात आला आहे. तेथे विषय धार्मिक मेळ्याचा आहे. देहभेदामुळे संकोच पावलेली संवित् अनेकजण एकत्र आले असता परस्परांत प्रतिबिंबित होऊन विस्तार पावते, आणि गीतनृत्यादींच्या प्रसंगी सर्व प्रेक्षक तन्मय झाले म्हणजे त्यांचा आनंद एकरूप होतो, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याबरोबरच एक इशाराही आहे. त्या मेळ्यात तन्मय न झालेला कोणी असेल, तर त्याच्या उपस्थितीने इतरांचीही संवित् संकोच पावते. या इशाऱ्याकडे पुढे वळावे लागेल.

नाट्यशास्त्राच्या परिभाषेत प्रेक्षकाला ‘सामाजिक’ असा एक शब्द आहे. आपण तो ‘सहृदय’ या शब्दाचा पर्याय म्हणून वापरतो आणि त्यातील ‘समाज’ विसरतो. सहृदय एकटा असू शकतो. सामाजिक एकटा असू शकत नाही. शोकाच्या प्रश्नापुरते तरी या दोन शब्दांतील अंतर राखले पाहिजे.

४

या शास्त्रीय निष्कर्षाची कसोटी पाहण्यासाठी आळंदीचे उदाहरण घेऊ. प्रथमदर्शनी ते आपल्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाणारे आहे, आणि म्हणूनच ते टाळता येत नाही.

ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावर असलेल्या ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ या प्रकरणांपैकी तिसऱ्यात या प्रसंगाचे वर्णन आहे. मराठीतील शोककाव्याचा विचार या अभंगांपासून सुरू झाला पाहिजे. त्यांत निवृत्तिनाथांचा शोक आहे, सोपान-मुक्ताबाईंचा आहे, संतमेळ्याचा आहे आणि स्वतः देवाचाही आहे. निवृत्तिनाथ वडीलबंधू, शिवाय गुरू; ज्ञान ज्यांनी दिले त्यांनाच धाकट्याच्या वियोगात ते ज्ञान पुरे पडत नाही. तत्त्वज्ञानाने शोक मिटतो, असे हे अभंग कोठेही म्हणत नाहीत. शोकाला असा निःसंकोच मान देणारी रचना आपल्या प्राचीन साहित्यात विरळाच.

आजही कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला समाधीच्या प्रसंगावर नामदेवांच्या वंशजांपैकी नामदास महाराजांचे कीर्तन होते, घंटानाद होतो, पुष्पवृष्टी होते आणि श्रोत्यांचे डोळे भरून येतात. येथे तर शोकाचे चित्र थेट श्रोत्यांपुढे उभे केले जाते. मग फ्रिनिकसच्या नाटकाने जे घडविले, ते येथे का घडत नाही? आळंदीचा श्रोता अस्वस्थ होऊन उठून जात नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा येतो.

काळाचे अंतर हे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. सातशे वर्षांपूर्वीचा शोक थंड झाला असे म्हणावे, तर श्रोत्यांच्या अश्रूंचा उलगडा होत नाही. खरे उत्तर कीर्तनाच्या रचनेत सापडते. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा नसतो. त्याच्यामागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो, वीणेकरी असतो. निरूपण काही वेळ चालते आणि मग चाल येते. धृपद टाळकरी उचलतात, त्यांच्यामागून सभा उचलते. ज्याला हुंदका आवरत नाही त्यालाही टाळी वाजविता येते. भवभूतीच्या रामाला नाटकाच्या सभेत पाहण्यावाचून दुसरे काही काम नव्हते. अथेन्सच्या प्रेक्षकांनाही नव्हते. आळंदीच्या श्रोत्याला काम आहे. शोकाचे शब्द त्याच्या कानी पडतात तेव्हाच त्याचा कंठ, त्याचे हात व त्याची पावले इतर शेकडो लोकांबरोबर एका लयीत गुंतलेली असतात.

यावरून आपल्या आधीच्या निष्कर्षात थोडी दुरुस्ती करावी लागते. शोकाचे चित्र शोकाकुलाला सर्वथा वर्ज्य आहे, असे नव्हे. ते एकट्याने पाहावे लागले तर असह्य होते. साधारण गानाचा आधार असेल, तर तो स्वतःच्या मृताला ज्ञानदेवांच्या समाधीपाशी नेऊन ठेवू शकतो. आपल्या घरचे नाव न उच्चारता त्याला रडता येते, आणि त्याच्या रडण्याचे कारण कोणी विचारीत नाही.

५

आळंदीच्या कीर्तनात शब्द प्रधान आहेत. शब्द जेथे जवळजवळ नाहीसे होतात, त्या ख्यालगायनाच्या मैफलीत काय दिसते? यासाठी मिरज व पुणे येथील दोन परंपरा घेऊ. त्या एकाच घराण्याच्या असल्यामुळे एकमेकींना जोडलेल्याही आहेत.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळकोईल या लहानशा रेल्वे स्थानकावर वारले. त्यांचे दफन मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झाले. तेथे उरुसाच्या निमित्ताने त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते, आणि गायक-वादक ते सेवा म्हणून सादर करतात. खाँसाहेबांचे शिष्य रामचंद्र कुंदगोळकर, अर्थात् सवाई गंधर्व, १९५२ च्या सप्टेंबरात निवर्तले. पुढल्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मृत्यर्थ पुण्यास संगीत महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने तो भरत आला आहे. त्याचे मूळ एका शिष्याच्या वियोगात आहे, हे आज त्याच्या विस्तारामुळे विसरले जाण्याचा संभव आहे.

या महोत्सवात काय गाइले जाते? शोकगीते नव्हेत. वेळेनुसार राग येतात. विलंबित ख्याल, द्रुत ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग असा क्रम आढळतो. बंदिशींचे विषय नायिका, ऋतू, कृष्ण, गुरुस्तुती असे नेहमीचेच असतात. रागांची रसांशी सांगड घालण्याचा प्रयत्न भातखंड्यांनीही केला व संधिप्रकाश रागांकडे शांत-करुण रस सोपविले. परंतु स्मृतिसमारोहात या रागांना काही विशेष अग्रमान दिला जातो, असे दिसत नाही. गुरूच्या मृत्यूचे स्मरण ज्या गाण्याने करावयाचे, त्या गाण्याने मृत्यूविषयी काहीच बोलू नये, ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. अभिनवगुप्ताच्या उपायाच्या प्रकाशात मात्र ती सुसंगत ठरते. गाणे कोणाच्याही शोकाचे चित्र नसते, म्हणूनच ते सर्वांच्या शोकाला जागा देऊ शकते.

मैफलीची अंतर्गत घडणही या कार्याला अनुकूल आहे. किराणा घराण्याच्या गायकीत विलंबित लयीतील स्वराची बढत फार सावकाश होते. शोकाकुल माणसाचा काळ एकतर साचून राहतो किंवा त्या एका दिवसाकडे पुन्हा पुन्हा मागे फिरतो. विलंबित एकतालाचे आवर्तन त्याला घाई न करता पुढे नेते, आणि प्रत्येक आवर्तन समेवर परत आणून सोडते. सम येते तेव्हा मांडवातील अनोळखी माणसांच्या माना एकाच क्षणी हलतात. त्या क्षणी प्रत्येकाला ठाऊक असते की शेजाऱ्यालाही तेच ऐकू आले. आपले दुःख दुसऱ्या कोणाला कळत नाही, ही शोकाची मुख्य तक्रार असते. मैफल त्या दुःखाविषयी काही बोलत नाही. परंतु दोन माणसांना एकच गोष्ट एकाच वेळी पुरतेपणी कळू शकते, याचा प्रत्यय ती पुन्हा पुन्हा देते. शोकाकुलाचा जो विश्वास ढळलेला असतो, तो नेमका हाच.

या सामुदायिकतेला काळाची आणखी एक मिती आहे. भीमसेनांनी गुरूसाठी सुरू केलेल्या या महोत्सवाची अखेर अनेक वर्षे त्यांच्याच गायनाने होत असे. २४ जानेवारी २०११ रोजी ते गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूच्या नावाजवळ शिष्याचे नाव आले. पुढे अनेक वर्षे समारोपाचे गायन प्रभा अत्रे करीत. त्या सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या, म्हणजे अब्दुल करीम खाँच्या मुलांकडे शिकलेल्या. १३ जानेवारी २०२४ रोजी त्याही गेल्या. जो स्मरण करीत होता तोच स्मरणाचा विषय झाला, आणि त्याच्यासाठी गाणाराही पुढे त्याच वाटेने गेला. समारोपाची भैरवी संपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीच्या ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावण्याची प्रथा या महोत्सवात आहे. मृताचा आवाज येथे अखेरीस, जिवंतांच्या गाण्यानंतर आणि जमलेल्या सभेपुढे ऐकविला जातो, हा क्रम अर्थपूर्ण आहे. तीच ध्वनिमुद्रिका रिकाम्या खोलीत एकट्याने लावली तर ती वियोगच वाढवील, असे म्हणावयास हरकत नाही.

६

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, हे सांत्वन नसून विस्मरण आहे. गाण्याच्या नादात मनुष्य काही तास दुःख विसरतो, एवढेच. पण पुण्यतिथी ही विस्मरणाची संस्था नव्हे. विसरावयाचे असते तर तिथी पाळण्याचे कारण नव्हते. सभा शोकाला एक दिवस नेमून देते आणि तो दरवर्षी परत येईल याची हमी देते. ज्याला ठाऊक आहे की आपल्या माणसाचे स्मरण ठरलेल्या दिवशी चार लोकांत होणार आहे, त्याला उरलेल्या दिवशी थोडे कमी आठवण्याची मोकळीक मिळते. दुःखोपशम म्हणजे दुःख नाहीसे होणे नव्हे. दुःखासह इतरांमध्ये वावरता येणे, असाच त्याचा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

दुसरा आक्षेप ध्वनिमुद्रणाचा आहे. आज कोणतेही गाणे घरबसल्या ऐकता येते. मग सभेचीच आवश्यकता काय? या आक्षेपाला २०२० व २०२१ या वर्षांनी उत्तर दिले आहे. करोनाच्या साथीत अंत्यसंस्कारास वीसांहून अधिक माणसांना जमण्याची मुभा नव्हती. पालख्या पायी निघाल्या नाहीत; पादुका बसने पंढरपुरास गेल्या. दोन्ही वर्षी डिसेंबरात पुण्याचा महोत्सव होऊ शकला नाही. गाण्याची त्या काळी मुळीच उणीव नव्हती. पडद्यावर व यंत्रांवर ते हवे तितके उपलब्ध होते. उणीव होती ती मांडवाची. ज्या वर्षांत घरोघर शोक होता त्याच वर्षांत शोकाला सभा मिळाली नाही. कित्येकांचे दुःख दाराआडच राहिले आणि त्यावर चार माणसांची साक्ष पडली नाही. २०२२ च्या डिसेंबरात महोत्सव पुन्हा भरला, तेव्हा मधल्या दोन वर्षांत कोण कोण उरले नाही, हे मांडवातील नेहमीच्या जागांकडे पाहून कळण्यासारखे होते. यंत्रातून रागाचा आस्वाद घेता येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहृदय होणे व सामाजिक होणे यांतील जे अंतर वर सांगितले, ते त्या दोन वर्षांनी सर्वांच्या अनुभवास आणून दिले.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सभा सर्वांची असते, असे आपण म्हणतो; पण ‘सर्व’ म्हणजे कोण? चोखामेळा संतमेळ्यातला, तरी देवळाच्या बाहेरचा. त्याची समाधी आजही महाद्वारासमोर, पायरीजवळ आहे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. ज्या गाण्याने ‘निज’ आणि ‘पर’ यांतील भिंत विरघळते असे आपण सांगतो, त्याच गाण्याच्या दाराशी शतकानुशतके भिंत उभी होती. संगीताच्या बैठकीही दीर्घकाळ संस्थानिकांच्या व धनिकांच्या दिवाणखान्यातल्याच होत्या. विष्णु दिगंबर पलुसकरांसारख्यांनी गाणे सार्वजनिक सभेत आणले, त्याला फार काळ लोटलेला नाही. आणि आजही तिकिटाचा दर कोणाला आत घेतो व कोणाला बाहेर ठेवतो, हे पाहणे आवश्यक आहे. अभिनवगुप्ताच्या सूचीतील गणिकेचेही असेच. ती साधारण्याचे साधन म्हणून मंडपात आहे. तिला स्वतःचा शोक असू शकतो, याचा विचार त्या सूचीत नाही.

या आक्षेपाने आपले प्रतिपादन खोटे ठरत नाही. उलट त्यातील जबाबदारी स्पष्ट होते. साधारण्य हा गाण्याचा आपोआप लाभणारा गुण नव्हे. दार कोणासाठी उघडले आहे, यावर तो अवलंबून असतो. ज्याला सभेत जागा नाही, त्याला शोकाच्या या उपशमातही वाटा नाही. म्हणून सभेतून वगळणे हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही. वगळलेल्याला त्याच्या मृतासह एकटे टाकणे असा त्याचा अर्थ होतो.

येथे ‘तंत्रालोका’तील इशाऱ्याकडे वळले पाहिजे. तन्मय न झालेल्याच्या उपस्थितीने मेळ्याची संवित् संकोच पावते, हे खरे मानले, तर नुकताच शोक झालेला मनुष्य सभेला भारभूतच ठरेल. तो गाण्यात रमू शकणार नाही, कदाचित पहिल्या वर्षी मध्येच उठून जाईल. धार्मिक मेळ्याचा हा कठोर नियम लौकिक सभेला लागू करता येत नाही, असे आपल्या परंपरांचा व्यवहार सांगतो. आळंदीच्या वाळवंटात किंवा पुण्याच्या मांडवात कडेला गप्प बसलेल्या माणसाला कोणी तन्मयतेचा दाखला विचारीत नाही. त्याच्या वाट्याची दाद इतर देतात आणि त्याच्या वाट्याचे धृपद टाळकरी म्हणतात. तो तयार होईपर्यंत सभा त्याची जागा राखते. हे औदार्य शास्त्रात नाही. ते लोकांच्या आचारात आहे, आणि शास्त्राने ते तेथून शिकण्यासारखे आहे.

७

सारांश, करुणरसापासून आनंद का होतो, या प्रश्नाबरोबरच शोकाकुलाला कलेपासून उपशम कसा लाभतो, हा प्रश्न आपल्या साहित्यविचाराने स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. फ्रिनिकसचे प्रेक्षक व भवभूतीचा राम हे दाखवितात की निजदुःखाचे चित्र हे औषध नव्हे. अभिनवगुप्त सांगतो की निजदुःखाची विवशता साधारण गानाने व सभामंडपाने दूर होते. आळंदीचे कीर्तन आणि मिरज-पुण्याच्या स्मृतिसभा, एक शब्दांच्या आधारे व दुसरी जवळजवळ शब्दांवाचून, त्याच गोष्टीची साक्ष देतात.

यातून अभ्यासाची एक दिशाही सूचित होते. नामदेवांचे समाधीचे अभंग आपण गाथेच्या पानावर वाचतो, पाठभेद पाहतो, कर्तृत्वाची चर्चा करतो. ते सर्व आवश्यकच आहे. पण हे अभंग ज्या दिवशी ज्या सभेत गाइले जातात, तो दिवस व ती सभा हाही त्या संहितेचाच भाग मानावयास हवा. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने एखाद्या कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला जाऊन हे अभंग टाळकऱ्यांच्या मागे उभे राहून ऐकावे आणि मग पुन्हा गाथा उघडावी. निवृत्तिनाथांचा शोक त्याच पानावर तसाच असेल. फक्त तो आता एकट्या निवृत्तिनाथांचा राहिलेला नसेल.